पुढचं वळण कोणाला दिसतं? मॅन्युअल, ऑटोमॅटिक आणि गाडी चालवण्याचा आनंद

विळ्याकडून ताम्हिणी घाट चढताना अशी वळणं लागतात की एका अंगाला दरड असते, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पुढचा रस्ता डोंगराआड गेलेला असतो. अशा वळणाच्या जरा आधी मॅन्युअल गाडी चालवणारा माणूस तिसरा गिअर काढून दुसरा टाकतो. तेव्हा चढ अजून लागलेला नसतो आणि इंजिनाने कुरकुर केलेली नसते. तरीही तो गिअर बदलतो, कारण पुढे काय येणार आहे ते त्याने पाहिलेलं असतं.

त्याच जागी ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिच्या गिअरबॉक्सला वळण दिसत नाही. अॅक्सिलरेटर किती दाबलाय, गाडीचा वेग किती आहे आणि इंजिन किती फिरतंय, मुख्यतः एवढंच त्याला कळतं. वळणाआधी तुम्ही पाय उचलता, तेव्हा त्याला वाटतं की या माणसाला आता घाई नाही. तो वरचा गिअर टाकतो. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता, तेव्हा त्याला चूक उमगते आणि तो खालचा गिअर शोधायला लागतो. मधला तो अर्धा-एक सेकंद गाडी तुमच्यापासून तुटलेली असते.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक या वादात लोक सहसा डाव्या पायाबद्दल बोलतात. क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग, त्याचं पेडल डाव्या पायाखाली) दाबायचा की नाही, ट्रॅफिकमध्ये गुडघा दुखतो की नाही, असं. तो मुद्दा खरा आहे आणि त्याकडे मी येईन. पण आनंदाचा विषय असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न हा आहे: गिअर कोणता असावा हे कोण ठरवतं, आणि वळणाच्या आधी ठरवतं की नंतर?

गिअर लागतोच कशाला?

पर्वतीच्या पायऱ्या आठवा. एकेक पायरी चढलात तर पावलं जास्त टाकावी लागतात, पण प्रत्येक पावलाला जोर कमी लागतो. दोन-दोन पायऱ्या घेतल्या तर पावलं निम्मी होतात, पण मांड्या भरून येतात. खालचा गिअर म्हणजे एकेक पायरी, वरचा गिअर म्हणजे दोन-दोन.

इंजिनाची अडचण अशी की त्याला सगळ्या वेगांना सारखा जोर नसतो. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असतं आणि ६००० च्या आसपास त्याची मर्यादा येते. त्याचा सर्वांत जास्त ओढा मात्र ४००० च्या पुढे कुठेतरी असतो. आता आपल्याकडची एखादी छोटी हॅचबॅक घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये तिचं इंजिन साधारण २००० फेऱ्यांवर असतं. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते ३००० च्या आसपास जातं. वेग तोच आणि रस्ताही तोच, पण पाय दाबल्यावर पहिल्या स्थितीत गाडी विचार करते आणि दुसऱ्या स्थितीत लगेच उचलते. घाटात ट्रकला मागे टाकताना हा फरक जिवाचा असतो.

टर्बो (जास्तीची हवा इंजिनात दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचा ओढा बराच खालून, १५०० ते २००० फेऱ्यांपासूनच, मिळायला लागतो. त्यामुळे त्यांना चुकीचा गिअरही काही प्रमाणात माफ असतो. छोट्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला तो माफ नसतो. म्हणूनच मला वाटतं, गिअर टाकण्याची खरी मजा कमी ताकदीच्या गाडीत जास्त कळते. तिथे बरोबर गिअर हेच तुमचं बळ असतं. ताकदवान गाडीत चूक झाकली जाते, आणि मग बरोबर केल्याचं समाधानही तेवढंच पुसट होतं.

मामांचा डबल क्लच

माझे मामा कोकणात एसटीवर ड्रायव्हर होते. मला गाडी शिकवायला बसले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी गिअरला हातच लावू दिला नाही. काच खाली करून म्हणाले, "अरे, आधी ऐक. आवाज कधी भरतो, कधी पडतो, ते ऐक. हात नंतर आपोआप जातो."

त्यांच्या उमेदीच्या काळातल्या जुन्या बसला डबल क्लच मारावा लागे. म्हणजे क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. कारण सरळ आहे. गिअरबॉक्समध्ये दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. वेग जुळल्याशिवाय दात एकमेकांत बसत नाहीत, कर्रकर्र आवाज येतो. वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरने कानाने करायचं. पुढे गिअरबॉक्समध्येच छोट्या पितळी कड्या आल्या, ज्या घासून आधी वेग जुळवतात आणि मग दात बसू देतात. याला सिंक्रोमेश म्हणतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये तो पहिल्यांदा गाड्यांत आणला. आज आपण बिनधास्त क्लच दाबून गिअर सरकवतो ते त्यामुळे.

पण सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवतो. इंजिनाचा वेग जुळवणं अजूनही तुमच्याकडेच असतं, आणि मॅन्युअल गाडीतलं कौशल्य खरं इथे आहे. वरचंच उदाहरण घ्या. ४० च्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं आहे. इंजिन २००० वर आहे, दुसऱ्यात ते ३००० वर हवंय. तुम्ही नुसता क्लच सोडलात तर हे हजार फेरे चाकांना ओढून वाढवावे लागतात. गाडी झटका खाते, नाक खाली जातं. कोरड्या सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही. पण पावसात, वळणात, पुढच्या चाकांची पकड आधीच ताणलेली असताना तो झटका चाक सटकवू शकतो. म्हणून क्लच दाबलेला असतानाच अॅक्सिलरेटरला एक हलकी टिचकी द्यायची, इंजिन ३००० च्या जवळ आलं की क्लच सोडायचा. नीट जमलं तर गिअर बदलला हे शेजारी बसलेल्याला फक्त आवाजावरून कळतं. त्याची मान हलत नाही.

हे जमायला मला जवळपास वर्ष गेलं. ज्या दिवशी पहिल्यांदा सलग चार-पाच वळणं अशी निघाली, तो दिवस मला अजून आठवतो. मागे आई झोपली होती आणि झोपलेलीच राहिली.

याच्या पुढची पायरी म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाच्या कडेने रेस देणं. पायाचा चवडा ब्रेकवर, बाहेरची कड अॅक्सिलरेटरवर. बऱ्याच साध्या गाड्यांत ब्रेकचं पेडल अॅक्सिलरेटरपेक्षा इतकं वर असतं की हे अवघड जातं. नाही जमलं तरी चालतं. ब्रेक लावून वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग टिचकी देऊन गिअर टाका. रस्त्यावर एवढं पुरतं. आणि हे सगळं शिकायची जागा मोकळं मैदान किंवा पहाटेचा रिकामा रस्ता, घाट नव्हे.

मॅन्युअल म्हणजे आपोआप आनंद, असं मात्र नाही. गिअरचा दांडा भाताच्या पातेल्यात पळी फिरवल्यासारखा ढिला असेल, क्लच जड असेल किंवा तो कुठे धरतो तेच कळत नसेल, तर अशा मॅन्युअलपेक्षा चांगली ऑटोमॅटिक कितीतरी बरी. काही गाड्यांत दुसरा आणि तिसरा गिअर यांच्यात इतकं अंतर असतं की घाटात दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसऱ्यात दम तोडतं. हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं, ते चालवूनच कळतं.

ऑटोमॅटिक म्हणजे एक गाडी नव्हे

लोक ऑटोमॅटिक असा एकच शब्द वापरतात आणि तिथे घोटाळा होतो. आपल्या बाजारात दोन पेडलांच्या गाड्यांचे चार प्रकार आहेत आणि चौघांचे स्वभाव चार.

सर्वांत स्वस्त एएमटी. भारतात हा प्रकार घराघरांत पोचला तो २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओमुळे. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. तोच क्लच, तेच दाते. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला तुमच्या हातापायांऐवजी छोटी यंत्रं बसवलेली असतात आणि त्यांना हुकूम देणारा संगणक. त्यामुळे किंमत आणि मायलेज मॅन्युअलच्या जवळ राहतात. पण गिअर बदलताना मधे जी पोकळी येते, ती आता तुमच्या हातात नसते. तुम्ही पाय दाबून ठेवलेला असतो, गाडी मधेच ओढायचं थांबते, सगळ्यांच्या माना एकदा पुढे जातात.

एका मित्राची अशी गाडी घेऊन मी पावसात घाट चढत होतो. पुढे ट्रक होता, रस्ता मोकळा दिसला, मी पाय पूर्ण दाबला. गाडीने आधी काहीच केलं नाही. मग गिअर उतरवला, मग ओढायला लागली, पण तोवर समोरच्या वळणातून दिवे दिसले होते. मी ब्रेक लावून पुन्हा ट्रकमागे आलो. चूक माझीच होती. मी तिला मॅन्युअल मोडमध्ये घ्यायला हवं होतं. एएमटी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: दांड्याजवळ अधिक-उणे अशी खूण असते, घाटात ती वापरा. दुसरा गिअर आधीच टाकून ठेवा, मग ओव्हरटेक करा. म्हणजे वळण पाहण्याचं काम पुन्हा तुमच्या डोळ्यांकडे येतं आणि ही गाडी एकदम समजूतदार होते. शहरात गिअर बदलायच्या सुमाराला पाय किंचित सैल केलात तर झटकाही निम्म्याने कमी होतो.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ज्याला जुने लोक खरी ऑटोमॅटिक म्हणतात ती. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घासणारी प्लेट नसते, तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवलेत आणि मधे तेल भरलंय अशी कल्पना करा. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्यावर आदळतं, तो फिरायला लागतो. मधे एक तिसरं छोटं चाक असतं, ते परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन चाकांकडे जातो. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ सालची, आणि तीही जहाजांसाठी. तेलाच्या जोडणीची पूर्ण ऑटोमॅटिक गाडी मोठ्या संख्येने बाजारात आणली ती अमेरिकेत जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये.

तेलामुळे सगळं मऊ होतं. चढावर, चिखलात, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत हिच्याइतकी शांत गाडी नाही. थारची ऑटोमॅटिक अशीच आहे, जिम्नीची ४ गिअरची, ब्रेझाची ६ गिअरची, फोक्सवॅगन व्हर्टसची १ लिटरवाली. अशा जुन्या गिअरबॉक्सची ख्याती सुस्त अशी होती आणि ती रास्त होती. आताचे बरेच चपळ आहेत, कारण गाडी चालू लागली की आतला एक क्लच पंखे एकमेकांना घट्ट जोडून टाकतो आणि तेलातली घसर थांबते. दगडधोंड्यांच्या वाटेवर तर मी मॅन्युअलपेक्षा हिलाच पसंती देईन. तिथे अडखळत क्लच जाळण्यात मजा नसते. चाक नेमक्या दगडावर ठेवण्यात असते, आणि ते काम ही गाडी जास्त चांगलं करू देते.

तिसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या असतात, मधे धातूचा पट्टा, आणि प्रत्येक पुलीचे दोन भाग जवळ-लांब होऊन पट्ट्याचा घेर बदलत राहतात. डच कंपनी डाफने १९५८ मध्ये या तत्त्वावरची छोटी गाडी लोकांसमोर आणली होती. इंजिनाला हवे तेवढेच फेरे, हवा तेवढाच जोर, असा हा सगळ्यांत हिशोबी गिअरबॉक्स. १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत तो बसवून चाचणी घेतली, डेव्हिड कूल्टहार्ड चालवत होते. तो शर्यतीत कधी उतरलाच नाही, कारण पुढच्या वर्षाच्या नियमांनी त्याला बाहेर ठेवलं.

इतका गुणी असून चालवायला मजा का येत नाही? कारण आपण वेग कानाने मोजतो. आवाज चढत गेला की गाडी वेग घेतेय, हे लहानपणापासून कानात बसलेलं असतं. सीव्हीटीत पाय दाबला की आवाज आधी एकदम वर जातो, तिथेच थांबतो आणि गाडी मागून हळूहळू येते. कान आणि पाठ यांचं एकमत होत नाही. काही कंपन्यांनी यावर खोट्या पायऱ्या बसवल्या आहेत. होंडा सिटीच्या सीव्हीटीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने अशा ७ पायऱ्या बदलता येतात, आणि घाटात त्यांचा खरोखर उपयोग होतो. तरी माझ्या मते सीव्हीटी शहरासाठी आहे. तिथे ती लोण्यासारखी चालते.

चौथा प्रकार ड्युअल क्लच. डीसीटी, डीएसजी, नावं वेगवेगळी. आतमध्ये जणू दोन मॅन्युअल गिअरबॉक्स. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, मधे ओढा तुटत नाही. पोर्शने ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत हे वापरलं. सर्वसामान्यांच्या गाडीत ते आलं फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून, २००३ मध्ये. आपल्याकडे व्हर्टसचं १.५ लिटर इंजिन, ह्युंदाईची आय२० एन लाइन अशा गाड्यांत ते मिळतं. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की चुटकीसरशी गिअर, आणि उतरताना इंजिनाचे फेरे ती स्वतःच जुळवून घेते. जे शिकायला मला वर्ष लागलं ते ती पहिल्या दिवसापासून करते.

हिची अडचण वेगळी. कोरड्या क्लचचा (म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसलेला) डीसीटी असेल तर ट्रॅफिकमध्ये तो तापतो. संध्याकाळच्या हिंजवडीत फूट-फूट पुढे सरकणं म्हणजे त्याच्यासाठी सतत हाफ क्लचवर राहणं. पुढच्या गाडीने थोडी जागा केल्याशिवाय हलू नका, आणि चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. एएमटीलाही हेच लागू. पेडल दोनच आहेत म्हणून क्लच नाही असं नसतं.

या चौघांखेरीज आयएमटी नावाचा एक मधला मार्ग ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूत आणला: गिअरचा दांडा आहे, क्लचचं पेडल नाही. दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटतो. वळण तुम्हीच पाहता, गिअर तुम्हीच ठरवता, पण क्लच धरताना पायाला जे कळतं ते जातं. तीन वर्षांनी आय२० एन लाइनमधून आयएमटी गेला आणि त्या जागी क्लच पेडलसह ६ गिअरचा मॅन्युअल आला. ज्यांना डाव्या पायाचे श्रम नकोत पण हाताला काम हवं, त्यांच्यासाठी कल्पना चांगली होती, असं मला आजही वाटतं.

वेगवान आणि आनंदी

शर्यतीचा विषय निघाला की हा प्रश्न कधीच सुटलाय. १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागे पॅडल लावलेली गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली आणि नायजेल मॅन्सेल यांनी ब्राझीलमध्ये तिची पहिलीच शर्यत जिंकली. काही वर्षांत सगळे त्याच वाटेने गेले. माणसाचा हात यंत्राइतका वेगवान नाही, एवढं तेव्हाच सिद्ध झालं.

पण पोर्शची गोष्ट पाहा. २०१३ मध्ये त्यांनी ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली. ती जलद होती, वाद नव्हता. तरीही गाडीच्या चाहत्यांना मॅन्युअल हवी होती. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर नावाची मोजकी आवृत्ती काढली, फक्त मॅन्युअल. आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. ज्यांना काही सेकंद वाचवायला पैसे मोजायची तयारी होती, त्यांच्यातल्याच अनेकांनी ते सेकंद सोडून तिसरं पेडल मागितलं.

आणि वळण न दिसण्याची उणीव अभियंत्यांनाही ठाऊक आहेच. रोल्स-रॉइसने २०१३ च्या रेथ मॉडेलमध्ये उपग्रहाच्या नकाशावरून पुढचा रस्ता ओळखून आधीच गिअर निवडणारी यंत्रणा बसवली. म्हणजे मॅन्युअल गाडीवाला जे डोळ्यांनी करतो, तेच जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांपैकी एकीला आकाशातून विचारून करावं लागलं. विजेच्या गाड्यांत बहुतेकदा गिअर बदलणंच नसतं, कारण मोटरचा ओढा शून्यापासून पूर्ण मिळतो. तरीही ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये ८ गिअरचे खोटे झटके आणि आवाज बसवलेत. मला ते खोटं वाटत असलं तरी त्यामागची ओढ मी समजू शकतो.

उतार

आनंदाबद्दल लिहिताना हा भाग गाळता येणार नाही, कारण घाट जितका चढायचा असतो तितकाच उतरायचाही असतो. मामांचा नियम असा: ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.

ब्रेक गाडीचा वेग घासून उष्णतेत बदलतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो इतका तापतो की पकड कमी होत जाते, तेल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. न्यूट्रल करून उतरणं म्हणजे पेट्रोल वाचवणं, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला इंधन जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच.

ऑटोमॅटिकवाले इथे सर्वांत जास्त चुकतात. डीमध्ये (म्हणजे पुढे जायच्या नेहमीच्या स्थितीत) टाकून खंडाळ्याचा उतार ब्रेकवर उतरतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या गाडीत एल, २, एस, अधिक-उणे किंवा पॅडल यांपैकी काहीतरी असतंच. उतार लागायच्या आधी ते वापरा. उताराला गाडी इंजिनावर तोलून, ब्रेकला जवळजवळ न शिवता, एका लयीत खाली आणणं हा मला चढण्यापेक्षा मोठा आनंद वाटतो, आणि तो ऑटोमॅटिकमध्येही पुरेपूर मिळतो.

मग घ्यायची कोणती?

तुमचा महिना पाहा. रोज दीड-दोन तास शहरातल्या रांगेत जात असतील आणि घाट दोन महिन्यांतून एकदा, तर मॅन्युअलच्या नादात रोज चिडून घरी येण्यात अर्थ नाही. टॉर्क कन्व्हर्टर घ्या, शक्यतो पॅडल असलेली. डाव्या पायाला दुखापत असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर प्रश्नच नाही. माझ्या एका काकांनी पायाच्या आजारानंतर सात वर्षांनी ऑटोमॅटिकमुळे पुन्हा स्टिअरिंग धरलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याच्यापुढे माझा टिचकी देऊन टाकलेला दुसरा गिअर काहीच नाही.

राहणं सातारा, चिपळूण, सावंतवाडीकडे असेल, रस्ते मोकळे आणि वळणाचे असतील, बजेट छोट्या पेट्रोल गाडीचं असेल, तर मी डोळे झाकून मॅन्युअल सांगेन. बजेट मोठं असेल आणि ट्रॅफिकही फार नसेल, तर ड्युअल क्लच चालवून पाहा. एएमटी सोयीसाठी घ्या, पैशांसाठी घ्या, आनंद हवा असेल तर तिचा मॅन्युअल मोड शिकून घ्या. स्वतः मी अजून ५ गिअरची मॅन्युअल हॅचबॅक चालवतो. ती विकायचा विचार दर पावसाळ्याआधी येतो आणि ताम्हिणीहून परत आलो की जातो.

ठरवण्याआधी टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमभोवतीच्या चौकांत घेऊ नका. विक्रेत्याला आधीच सांगून चढ-वळणाच्या रस्त्यावर न्या. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट जवळच आहे. आधी गाडी डीमध्ये ठेवून एखादं वळण घ्या आणि बाहेर पडताना पाय दाबल्यावर ती किती वेळाने उचलते ते मनात मोजा. मग तसंच वळण स्वतः गिअर आधी निवडून घ्या. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल वेगवेगळ्या वेगांना करून पाहा, क्लच कुठे धरतो ते पायाला कळतंय का पाहा. परत येताना उतारावर दुसरा गिअर टाका, ब्रेकवरचा पाय उचला, काच खाली करा आणि इंजिन गाडीला धरतंय का ते ऐका.